शब्द येईपर्यंत

नई जिंदगी, सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२३

अण्णा,

सलाम आणि जय भीम.

तुझा फोन लागतो, वाजतो आणि वाजून वाजून बंद होतो. दिवाळीच्या आधीपासून हेच चाललंय. मेसेज पाठवले, तेही तू उघडलेले दिसत नाहीत. संघर्षचा नंबर बंद लागतो. शेवटी म्हटलं, पत्ता तर पाठ आहे, कागदावर लिहावं. पोस्टमन तरी दार वाजवेल.

खरं सांग, नाराज आहेस का? भोसरीत आपण वीसेक वर्षं एका पत्र्याखाली काढली. तुझं लेथ मशीन एका अंगाला, माझं वेल्डिंग दुसऱ्या अंगाला. आणि मी शेड सोडून लेकीकडे सोलापूरला आलो, ते तुला आवडलं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. टेम्पोत माझं सामान तूच चढवलंस, पण तोंडातून शब्द काढला नाहीस. सरळ आत जाऊन मशीन चालू केलंस. मी काय करणार होतो, अण्णा? घरातली गेल्यावर त्या खोलीत मला झोप लागेना.

राग असेल तर दोन शिव्या लिहून पाठव. गप्प राहू नकोस. तुझं गप्प राहणं मला सोसत नाही.

अक्षर मोठं आणि वाकडं आलंय. चष्म्याचा नंबर बदललाय.

तुझा
नूरमोहम्मद


संत तुकाराम नगर, पिंपरी
२७ नोव्हेंबर २०२३

नूरचाचा,

जय भीम. मी भाग्यश्री, संघर्षची बायको. तुमचं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. मध्येच थांबावं लागलं, कारण ते रडायला लागले. चाचा, ते तुमच्यावर मुळीच रागावलेले नाहीत.

गणपतीच्या दिवसांत एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून रेझर खाली पडला. उचलायला वाकले ते तिथेच बसले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका झटक्यात गेलं. पाय आता हळूहळू परत येतोय. हात अजून तसाच लोंबतो. बोलण्याचं असं आहे की, आपण बोललेलं त्यांना सगळं कळतं, पण त्यांचा शब्द तोंडापर्यंत येत नाही, नाहीतर भलताच येतो. भाकरी हवी असते आणि तोंडातून बादली निघतं. मग ते स्वतःवरच चिडतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. फोन त्यांनीच खुणेनं मला कपाटात ठेवायला लावला. वाजला की त्यांच्या डोळ्यांत भीती दिसते.

तुम्हाला कळवायला हवं होतं. दवाखान्याच्या धावपळीत यांचा मोबाईल हरवला आणि राहूनच गेलं. आता यांनी तोच नंबर पुन्हा सुरू करून घेतलाय.

आता आमच्याकडे आठवड्यातून एकदा आम्रपालीताई येतात. त्या एका संस्थेत काम करतात. माणसाला कुठे नेऊन ठेवायचं नाही, जिथे तो राहतो तिथेच, घरच्यांना आणि गल्लीतल्यांना शिकवून त्याला उभं करायचं, असं त्यांचं काम आहे. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून येतात. त्यांनी गॅलरीत भंगारातल्या पाइपांचे दोन आडवे दांडे बसवून घेतले, त्यांना धरून बाबा चालतात. तुमचं पत्र मी ताईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, उत्तर बाबाच लिहितील, डाव्या हातानं. मोबाईलवरची बारीक अक्षरं त्यांना घोळतात, कागदावर मात्र जमेल.

खाली जे आहे ते त्यांनी लिहिलंय. त्याला सगळी दुपार गेली.

तुमची
भाग्यश्री

नूर


नई जिंदगी, सोलापूर
९ डिसेंबर २०२३

अण्णा,

तू लिहिलेलं माझं नाव मी छातीशी धरून बसलो होतो. आणि मी मूर्ख, तुला शिव्या लिहून पाठव म्हणत होतो.

हे पत्र झुलेखा लिहितेय, मी बोलतोय. चहाच्या पातेल्यावर माझा अंगठा पोळला, त्यामुळे पेन धरवत नाही.

मी पुढच्या आठवड्यात येतो. गाडीत बसलो की संध्याकाळी तुझ्या दारात. तुला बोलता येत नसेल तर मी बोलेन. तसंही दोघांचं बोलणं मीच तर करायचो.

नूर


संत तुकाराम नगर
२० डिसेंबर

नूर

येऊ नको

असा बघू नको मला

लिही

अण्णा


नई जिंदगी, सोलापूर
४ जानेवारी २०२४

अण्णा,

ठीक आहे, नाही येत. वाईट वाटलं, लपवत नाही. झुलेखा म्हणाली, अब्बा, त्यांच्या जागी तुम्ही असता तर?

पण एक गोष्ट ध्यानात घे. शेडमध्ये तुझं लेथ आणि माझं ग्राइंडर एकदम चालू असायचं, तेव्हा आपण कुठे बोलायचो? बोललेलं ऐकूच यायचं नाही. तू नुसती मान हलवलीस की मला कळायचं, जॉब झाला, उचलायला ये. भुवई वर केलीस की मालक आला. सबंध दिवस तसा जायचा आणि आपलं काही अडायचं नाही. तेव्हा शब्द गेले म्हणून आपलं सगळं गेलं असं समजू नकोस.

मी इथे मजेत आहे. नातवंडं आहेत, उन्हात खुर्ची टाकून बसतो. अंगठा अजून पुरता बरा नाही, म्हणून झुलेखाच लिहितेय.

तू दोन ओळी लिहीत जा. चुकल्या तर चुकू देत.

नूर


संत तुकाराम नगर
१९ फेब्रुवारी

नूर,

आता रोज लिहितो. सकाळी. भाग्यश्री पान ठेवून जाते.

विहारात नेलं मला. रविवारी. आम्रपाली म्हणाली, चला. मी नाही म्हटलं, मानेनं. लोक बघतील. तरी नेलं. मागे बसलो. वंदना सुरू झाली. नूर, माझं तोंड उघडलं. सगळं आलं. त्रिशरण, पंचशील, एकही शब्द अडला नाही. बाजूचे वळून बघायला लागले. घरी आलो, नातवाचं नाव घ्यायला गेलो. नाही आलं.

आम्रपाली म्हणते, पाठ असलेलं आणि सुरातलं डोक्यात दुसऱ्या जागी असतं. तिथून वाट काढू. आता मी पाणी गाऊन मागतो. नातू हसतो. मीपण.

एक वाईट. कोणाला सांगू नको. संघर्ष आणि भाग्यश्री बोलत होते. मी झोपलोय असं वाटलं त्यांना. आळंदीच्या बाजूला जागा आहे. म्हातारे ठेवतात. मला तिथे. मला नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द आला नाही.

अण्णा


संत तुकाराम नगर, पिंपरी
१० मार्च २०२४

नूरचाचा,

तुम्ही तुमच्या जावयाच्या फोनवरून यांना जे बोललात ते मी शेजारी बसून ऐकलं. यांनी ते सगळं ऐकून घेतलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ जेवले नाहीत. तुमचा राग बरोबर होता. तरी आमची बाजू तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते.

हो, आम्ही ती जागा बघून आलो होतो. चाकणला यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मी माण गावात एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आहे, सकाळी जाते ती अंधार पडल्यावर येते. जानेवारीत बाबा बाथरूममध्ये पडले आणि मुलगा शाळेतून येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच होते. हाक मारता येत नाही, चाचा. शेजारी भिंतीपलीकडे होते आणि कोणाला कळलं नाही. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आम्ही त्यांना टाकायला निघालो नव्हतो, आम्ही घाबरलो होतो. पण हेही खरं की, त्यांना आम्ही विचारलं नाही. बोलता येत नाही म्हणजे विचारायचं कसं, असंच धरून चाललो.

आम्रपालीताईंना मीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, रविवारी सगळे बसू, आणि बाबा मध्ये बसतील. खालच्या मजल्यावरच्या यशोदाबाईंनाही त्यांनी बोलावलं. मग बाबांकडे वळून त्यांनी साधा प्रश्न विचारला, तुम्हाला कुठे राहायचंय? आणि आम्हाला म्हणाल्या, आता कोणी बोलायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, ते सांगेपर्यंत थांबायचं.

चाचा, इतकं अवघड काम मी आजवर केलं नसेल. बाबांचे ओठ हलत होते, मान ताठ झाली होती, कपाळावर घाम आला. हे दोनदा उठायला निघाले, ताईंनी हातानं बसवलं. शेवटी आलं.

"घर."

आणि थोड्या वेळानं, आणखी एकदा, "माझं घर."

हे आत निघून गेले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. बाबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "चुकलो, बाबा."

मग उरलेल्या गोष्टी ठरल्या. बाथरूममध्ये धरायला दांडा बसला, फरशी खडबडीत केली. पलंगापाशी आणि बाथरूमपाशी पितळेची घंटी टांगली, ती वाजली की यशोदाबाई वर येतात. दुपारचं जेवण त्या बाबांबरोबरच करतात. त्यांचीही मुलं लांब, त्यांनाही एकटीनं जेवायचा कंटाळा येतो म्हणाल्या. समोरचा इस्त्रीवाला संध्याकाळी बाबांना कोपऱ्यापर्यंत चालवून आणतो. बाबा त्याला कपड्यांच्या घड्या घालून देतात, एका हातानं. आधी वाकड्या व्हायच्या, आता बऱ्या होतात.

आता बाबांनी सांगितलेलं काम. तुमची सगळी पत्रं त्यांनी समोर मांडली. पहिल्या पत्रावर बोट ठेवलं, मग बाकीच्यांवर, आणि मग स्वतःच्या अंगठ्यावर. मला कळायला वेळ लागला. त्यांना विचारायचंय की, पोळलेला अंगठा तीन महिने बरा होत नाही का?

तुमची
भाग्यश्री


नई जिंदगी, सोलापूर
२५ मार्च २०२४

अण्णा,

तुझ्यापुढे मला कधी खोटं बोलता आलं नाही, आताही आलं नाही.

अंगठा आठ दिवसांत बरा झाला. पण तो पोळला का, ते मी लिहिलं नव्हतं. मला पातेलं दिसलं नाही. साखरेनं डोळ्यांचे पडदे खाल्ले. वेल्डिंगमुळे डोळे चुरचुरतात असं म्हणत मी वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं, आणि डॉक्टरकडे गेलो तेव्हा उशीर झाला होता. तुला पहिलं पत्र लिहिलं ते शेवटचं स्वतःच्या हातानं लिहिलेलं. आता उजेड कुठे आहे एवढं कळतं. माणूस समोर आला तर सावली हलल्यासारखं दिसतं.

उन्हात खुर्ची टाकून बसतो लिहिलं, तेही खरं नाही. मी खोलीतून बाहेर पडत नाही. एकदा गल्लीत गेलो आणि उभ्या हातगाडीवर आदळलो. चार लोकांनी धरून, जणू मी पोतं आहे अशा रीतीनं, घरी आणून सोडलं. तेव्हापासून गेलो नाही. नमाजही घरीच.

(काका, मी झुलेखा. हे अब्बा सांगत नाहीत, मीच लिहितेय. ते दिवसभर भिंतीला टेकून बसतात. इथले एक सर डोळ्यांनी अधू असलेल्यांना घरी येऊन काठीनं चालायला शिकवतात, त्यांना मी बोलावलं होतं. अब्बांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. तुमचं पत्र आलं की मात्र तीन-चार वेळा वाचून घेतात.)

झुलेखा बरंच काही लिहितेय, पेनाचा आवाज येतोय. लिहू दे.

तुला मी लिहिलं होतं, आपलं शब्दांवाचून चालेल. ते आता चालायचं नाही, अण्णा. तू मान हलवलीस तर मला दिसणार नाही. भुवई वर केलीस तरी नाही. तुझ्याकडे शब्द नाहीत आणि माझ्याकडे डोळे. म्हणजे आपण समोरासमोर बसलो तरी एकमेकांना सापडायचे नाही. हा विचार मनात आला की मला कुठे जावंसं वाटत नाही. येऊ नको म्हणालास तेच बरं केलंस.

नूर


संत तुकाराम नगर
२ एप्रिल

नूर,

मी येतो.

तयारी करतोय. बोलायची. रोज. यशोदाबाई समोर बसते, डोळे मिटून. मी बोलतो. तिला ऐकून कळलं तर बरोबर.

त्या सरांना परत बोलाव. मी आल्यावर. मी बसेन शेजारी.

अण्णा


नई जिंदगी, सोलापूर
१२ मे २०२४

भाग्यश्रीबेटी,

दुआ. अण्णा सुखरूप आहे. संघर्ष त्याला सोडून दुसऱ्या दिवशी परत निघाला, तेव्हा तुला इथली हकीकत फोनवर कळलीच असेल. तरी मला माझ्या तोंडून सांगायची आहे, म्हणून झुलेखाला लिहायला बसवलंय.

रिक्षा दाराशी थांबल्याचा आवाज आला. संघर्षचा आवाज आला, झुलेखाचा आला. मी उंबऱ्यात उभा होतो. मग पाय घासत कोणीतरी आलं आणि माझ्यासमोर थांबलं. मला सावली दिसत होती. मी हात पुढे केला नाही. तुझ्या पत्रात ऐकलं होतं ना, शब्द सुचवायचा नाही, थांबायचं. म्हणून थांबलो. श्वास ऐकू येत होता त्याचा.

"नूर," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "जाड झालास."

बेटी, आम्ही दोघं उंबऱ्यातच खाली बसलो.

काठीवाले सर दुसऱ्या आठवड्यात आले. निरंजन नाव त्यांचं. मी पुन्हा नाही म्हणणार होतो, पण अण्णा शेजारून म्हणाला, "चल." एवढंच, पण शेडमधल्यासारखं. मी उठलो. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, पुढे काठी टेकवत. अण्णा माझ्या डाव्या अंगाला, त्याचा पाय ओढत. कुठे गटार, कुठे चढ, ते तो सांगायचा. शब्द यायला वेळ लागायचा, तेवढा वेळ मी उभा राहायचो. एकदा गटार म्हणायचं होतं तर त्यानं गवार म्हटलं आणि मी पाय टाकता टाकता वाचलो. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारणी बाहेर आल्या.

कोपऱ्यावर मटणाच्या दुकानातल्या शादाबनं विचारलं, "चाचा, बऱ्याच दिवसांनी. हे कोण तुमच्याबरोबर?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. शादाब पुन्हा काही बोलायला लागला तर मी त्याला हातानं थांबवलं.

"मी," अण्णा म्हणाला, "नूरचं मशीन." मग म्हणाला, "नाही." मग दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं, आम्ही उभे. आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाला, "मी नूरचा माणूस."

शादाबनं आम्हाला आत बोलावून बसवलं. मी आता रोज तिथपर्यंत जातो. जुम्म्याला मशिदीतही जाऊन आलो, अण्णा बाहेर पायरीवर बसून राहिला.

आता काम. संघर्षचा फोन होता, रविवारी घ्यायला येतो म्हणून. त्याला सांग, इतक्यात येऊ नकोस. काठीचं शिकणं अर्धं झालंय. अण्णा गेला तर मी पुन्हा भिंतीला टेकेन, माझा मला भरवसा नाही. एक महिना ठेव त्याला माझ्याकडे. एवढं मागतो.

तुझा
नूरचाचा


संत तुकाराम नगर, पिंपरी
१८ मे २०२४

नूरचाचा,

जय भीम. तुमचं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. यशोदाबाईंनी शादाबच्या दुकानाचा भाग दोनदा वाचायला लावला.

पण चाचा, महिना फार होतो. घर ओकंओकं वाटतं. यशोदाबाई दुपारी जेवायला वर येतात आणि ताट घेऊन परत खाली जातात. इस्त्रीवाला रोज विचारतो. हे शिफ्टवरून आले की आधी बाबांच्या पलंगाकडे बघतात, मग बूट काढतात. काल म्हणाले, नूरचाचांना सांग, बाबा आमचे आहेत. मी म्हटलं, तेही तेच म्हणतील. आम्ही येत्या रविवारी नाही, पण त्याच्या पुढच्या रविवारी नक्की येतो. बाबांना तयार राहायला सांगा.

तुमची
भाग्यश्री


नई जिंदगी, सोलापूर
२३ मे २०२४

भाग्यश्री आणि संघर्ष,

जय भीम.

झुलेखानं तुझं पत्र वाचून दाखवलं. नूरनं काय लिहिलं होतं तेही मी तिला सांगायला लावलं. नूर म्हणतो महिना. तुम्ही म्हणता पुढचा रविवार. दोघांचं प्रेम आहे. मला बरं वाटलं. पण मला कोणी विचारलं नाही.

म्हणून लिहितो. दोन दिवस लागले लिहायला.

मला इथे जूनच्या दहा तारखेपर्यंत राहायचंय. तोवर नूर रोज एकटा दुकानापर्यंत जाईल. काल पहिल्यांदा गेला. मी मागे होतो, त्याला माहीत नव्हतं. एकदा अडखळला. मी हाक मारणार होतो. मारली नाही. त्याचा तो सावरला.

मग मी घरी येईन. नूरला घेऊन. पंधरा दिवस. आम्रपालीला सांग, विहारात आम्ही बोलणं अडलेले लोक रविवारी बसतो, तिथे नूर येणार आहे. तो खूप बोलतो. त्याला गप्प बसायला शिकवायचंय.

संघर्ष, तू घ्यायला येऊ नको. सुट्टी वाया घालवू नको. नातवाला सांग, आजोबा येतोय. ओंकार. बघ, लिहिलं. तोंडानंही येतं आता, कधी कधी.

तिकीट मी काढणार आहे. स्टेशनवर जाऊन, खिडकीवर. पुणे, दोन माणसं. सराव चालू आहे. खिडकीवर वेळ लागेल. मागे रांग असेल. थांबतील लोक.

तुमचा
बाबा